एंजिनातील फेरफार व इतिहासाची साधने

सोलापूरचा औद्योगिक इतिहास सामान्यतः कापडगिरण्यांपाशी थांबतो. तथापि १९९२ साली येथे प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी स्थापन झाली आणि मोटार-एंजिनाच्या इतिहासाशीही या नगराचा संबंध जडला. एंजिनाच्या झडपा केव्हा व किती उघडाव्यात, हे कॅमशाफ्ट ठरवितो. एंजिनाची शक्ती वाढवू पाहणारा कारागीर पूर्वी हा दांडाच बदलीत असे. त्याच्या कामाचा पुरावा धातूत राही. २०१३ साली बाजारात आलेल्या, चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयसारख्या लहान टर्बो मोटारींत मात्र हवेचा दाब व प्रज्वलनाची वेळ संगणकाची आज्ञावली नियंत्रित करते. आज्ञावली बदलली की शक्ती वाढते. सुटे भाग मात्र तेच राहतात. सबब, या कारागिरीच्या अभ्यासकाने केवळ यंत्रावशेषांवर विसंबू नये. कारागिरांच्या साक्षी वेळीच नोंदवून ठेवाव्यात.