तिकीट लावलेली घरं

'लीव्ह अँड लायसन्स' हे शब्द पुण्या-मुंबईत घर शोधलेल्या प्रत्येकाला पाठ असतात. अकरा महिने, डिपॉझिट, ब्रोकरचं एक महिन्याचं भाडं, पोलिस व्हेरिफिकेशन. पण यातलं लायसन्स नक्की कुणाला मिळतं? ते मिळतं आपल्याला. मालक आपल्याला त्याच्या घरात राहण्याचा परवाना देतो, म्हणून कागदावर तो 'लायसन्सर' आणि आपण 'लायसन्सी'.

इंग्लंडात नेमकं उलटं आहे. तिथे एका घरात पाच किंवा जास्त अनोळखी माणसं भाड्याने ठेवायची असतील तर लायसन्स घरमालकाला काढावं लागतं. तेही म्युनिसिपालिटीकडून, फी भरून, घर तपासून घेऊन. हा फरक मला पहिल्यांदा कळला तेव्हा गंमत वाटली. मग जरा खोदायला लागलो, आणि दीडशेहून जास्त वर्षं मागे जाऊन पोचलो.

आपल्याकडची गोष्ट आधी थोडक्यात उरकतो. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुनी भाडी गोठवली आणि भाडेकरूला जवळजवळ काढता येईना. मालकांनी पळवाट शोधली: भाडेकरू ठेवायचाच नाही, नुसती 'राहायची परवानगी' द्यायची. सरकारने १९७३ मध्ये या परवानगीवाल्यांनाही संरक्षण दिलं, आणि पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात त्याची रीतसर घडी बसली. थोडक्यात, आपलं लायसन्स जन्माला आलं ते माणूस घराबाहेर काढता यावा म्हणून. तिकडचं लायसन्स कशासाठी आलं, ते आता बघू.

तिकडे या प्रकाराला 'हाउस इन मल्टिपल ऑक्युपेशन' म्हणतात, बोलताना एचएमओ. तीन किंवा जास्त माणसं, एका कुटुंबातली नसलेली, आणि किचन-बाथरूम सामायिक, असं झालं की ढोबळमानाने ते घर एचएमओ. ऑनसाइटला गेलेली आपली निम्मी मराठी मंडळी सुरुवातीचे महिने अशाच घरात काढतात. मीही रेडिंगला आठ महिने काढले. तीन मजले, सहा जण, एक किचन. किचनचं दार हे भलं जाड आणि आपोआप बंद होणारं. आमच्यातला एक जण खुर्ची लावून ते उघडं ठेवायचा आणि फोडणी पडली रे पडली की पॅसेजमधला अलार्म बोंबलायचा. मालक यायचा, खुर्ची काढायचा, भिंतीवरच्या फ्रेममधल्या कागदाकडे बोट दाखवायचा आणि जायचा. तो कागद म्हणजे त्याचं लायसन्स.

तर आता १८५१.

लंडन, लिव्हरपूल, मँचेस्टर फुगत होती. आयर्लंडमध्ये बटाट्याच्या दुष्काळाने लाखो लोक बाहेर पडले होते. १८४८-४९ ची कॉलऱ्याची साथ नुकतीच होऊन गेली होती. या लोकांची झोपायची जागा म्हणजे 'कॉमन लॉजिंग हाउस'. काही पेन्स द्यायचे आणि एका रात्रीपुरती पथारी मिळवायची. एका खोलीत किती माणसं कोंबायची, याला काही धरबंध नव्हता. लॉर्ड अ‍ॅश्ली (हेच पुढे अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी झाले) यांच्या पुढाकाराने १८५१ मध्ये कायदा झाला: असं घर चालवणाऱ्याने नोंदणी करायची आणि तपासणीला दार उघडायचं. लंडनमध्ये हे काम चक्क पोलिसांकडे होतं. १८५३ मध्ये तो आणखी कडक झाला. चालकाकडे तीन प्रतिष्ठित रहिवाशांच्या सहीचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला मागता येऊ लागला, आणि नोंदणीशिवाय माणूस ठेवायला बंदी आली. भिंती आणि छताला वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चुना मारायचा, हेही नियमात आलं. आपल्याकडे दिवाळीच्या आधी घराला चुना लागायचा, तसाच प्रकार. फक्त इथे चुकलात तर दंड!

हा कायदा एका रात्रीच्या मुक्कामापुरता होता. महिनोन्‌महिने एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांचं काय? आणि भाडं परवडावं म्हणून ती कुटुंबं जे 'लॉजर' ठेवायची, त्यांचं काय? इथे ग्लासगो शहराने काढलेला उपाय मला सगळ्यात भन्नाट वाटला.

१८६२ च्या पोलिस अ‍ॅक्टखाली ग्लासगोने छोटी घरं, म्हणजे तीन खोल्यांपर्यंतची आणि एकूण २,००० घनफुटांच्या आतली, चक्क मोजायला घेतली. मोजून झालं की दारावर पत्र्याचं एक तिकीट ठोकायचं: इतके घनफूट, इतकी मोठी माणसं. हिशोब माणशी ३०० घनफूट, लहान मूल अर्धं धरायचं. १८९० मध्ये हा आकडा ४०० झाला. १८८० च्या दशकात शहरात अशी २० हजारांहून जास्त 'तिकीटवाली घरं' होती.

घनफूट का? कारण तेव्हा डॉक्टर लोकांचीही समजूत अशी होती की रोग कोंडलेल्या, वाईट हवेतून येतो. म्हणून मोजायची ती जमीन नाही, हवा.

आणि हे तपासायचं कसं? रात्री. सॅनिटरी इन्स्पेक्टर मध्यरात्रीच्या सुमारास दार ठोठवायचे आणि आत किती माणसं झोपलीत ते मोजायचे. दार वाजलं की जास्तीची माणसं पलंगाखाली, कपाटात, काही तर छपरावर. दिवसभर राबून आलेला माणूस मध्यरात्री स्कॉटलंडच्या थंडीत छपरावर बसलाय, कशासाठी, तर दारावरचं तिकीट तीनचं आहे आणि हा चौथा.

यातली खरी मेख पुढे आहे. माणसं जास्त सापडली की दंड बहुतेक वेळा व्हायचा तो घरात राहणाऱ्या भाडेकरूला. ज्याचं घर, तो मजेत. आपलं घर एवढंसं का आहे, भाडं एवढं का आहे, लॉजर ठेवल्याशिवाय ते का भागत नाही, हे प्रश्न त्या तिकिटावर मावत नव्हते. या सगळ्या इतिहासाकडे एकाच प्रश्नातून बघता येतं असं मला वाटतं: गर्दी सापडली, तर पावती कुणाच्या नावाने फाडायची?

आता थोडं गणित. (इंजिनिअर आहे, इलाज नाही :) )

आपली दहा बाय दहाची खोली घ्या, उंचीही दहा फूट. म्हणजे १,००० घनफूट. ग्लासगोत १८६२ ला तिच्यात तीन मोठी माणसं बसली असती. १८९० नंतर दोन मोठी आणि एक लहान. मग आला १९३५ चा हाउसिंग अ‍ॅक्ट. तोवर वाईट हवेची थिअरी मागे पडली होती, म्हणून त्याने क्षेत्रफळ मोजलं: ११० चौरस फुटांपासून पुढे दोन माणसं, ९० ते ११० मध्ये दीड, ७० ते ९० मध्ये एक. आपली खोली १०० चौरस फुटांची, म्हणजे दीड माणसाची.

इंग्लंडात २०१८ पासून लायसन्सवाल्या एचएमओतल्या झोपायच्या खोलीसाठी किमान मापं ठरली आहेत. एका मोठ्या माणसाला ६.५१ चौरस मीटर, दोघांना १०.२२. हे आकडे पाहिल्यावर डोक्यात किडा वळवळला. ६.५१ हा कुठला आकडा? साडेसहा का नाही? मग चौरस फुटांत बदलून पाहिलं: ६.५१ म्हणजे ७० आणि १०.२२ म्हणजे ११०. १९३५ चेच आकडे, फक्त युनिट बदललेलं! कुणीतरी ८३ वर्षांपूर्वीचा कॉन्स्टंट उचलून नव्या कोडमध्ये टाकला. आपण हसतो, पण मोठ्या सिस्टिम अशाच चालतात. असो. आपली दहा बाय दहा आता एकाच मोठ्या माणसाची.

पुन्हा इतिहासाकडे. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये घरांची भयंकर टंचाई होती आणि कॅरिबियन बेटांवरून, भारत-पाकिस्तानातून माणसं कामाला येत होती. गोऱ्या मालकांपैकी अनेकजण त्यांना दारातूनच परत पाठवायचे. कायद्याची त्याला मनाई नव्हती. घर देताना वर्णभेद करायला बंदी आली ती १९६८ मध्ये. या फटीत पीटर रॅकमनसारखे लोक शिरले. रॅकमन मूळचा पोलंडचा, स्वतः निर्वासित. नॉटिंग हिलमधली जुनी मोठी घरं घेऊन, खोल्या पाडून, दुसरं कुणी जागा देत नाही अशांना तो चढ्या भाड्याने द्यायचा. १९५७ च्या कायद्याने रिकाम्या झालेल्या घरावरचं भाडेनियंत्रण काढलं होतं, म्हणजे जुना भाडेकरू हुसकला की फायदाच फायदा. रॅकमन १९६२ मध्ये वारला, पुढच्या वर्षी प्रोफ्युमो प्रकरणात त्याचं नाव गाजलं आणि 'रॅकमनिझम' हा शब्दच इंग्रजीत रूढ झाला. १९६१ आणि १९६४ च्या कायद्यांनी कौन्सिलांना अशा घरांवर अधिकार दिले: माणसांची संख्या ठरवणं, देखभालीची सक्ती, अगदीच हाताबाहेर गेलं तर काही काळ घराचा ताबा घेणं. रोख आता मालकाकडे वळला होता. पण हे सगळं कौन्सिलच्या मर्जीवर. तक्रार आली तर जायचं, नाहीतर नाही.

मग आगी लागल्या. १९८१ च्या डिसेंबरमध्ये नॉटिंग हिलमधल्या क्लॅनरिकार्ड गार्डन्समध्ये खोल्या-खोल्यांच्या घराला आग लागून आठ माणसं गेली. तरीही इंग्लंडात सक्तीचं लायसन्स आलं नाही. १९९९ मध्ये ग्लासगोत, त्याच तिकिटांच्या शहरात, एका बेसमेंट फ्लॅटला आग लागली आणि दोन विद्यार्थी मेले. खिडक्यांना लोखंडी गज होते. चोर आत येऊ नये म्हणून लावलेल्या गजांनी आतल्यांना बाहेर पडू दिलं नाही. पुढच्याच वर्षी, २००० मध्ये, स्कॉटलंडने एचएमओ लायसन्स सक्तीचं केलं. आधी मोठ्या घरांना, मग २००३ पर्यंत तीन माणसांच्या घरालाही.

इंग्लंडात लेबर पक्षाने १९९७ च्या जाहीरनाम्यात लायसन्सचं वचन दिलं होतं. कायदा झाला २००४ मध्ये आणि लागू झाला ६ एप्रिल २००६ ला. डेडलाइन फक्त आपल्याच प्रोजेक्टच्या पुढे जातात असं नाही! सुरुवातीला पाच किंवा जास्त माणसं आणि तीन किंवा जास्त मजले, असं दुहेरी बंधन होतं. २०१८ मध्ये मजल्यांची अट गेली. या कायद्यात मालक 'फिट अँड प्रॉपर' माणूस असावा लागतो. १८५३ चा तो वर्तणुकीचा दाखला आठवतोय ना? पण सगळ्यात महत्त्वाचं वेगळंच. लायसन्स नसताना घर दिलं तर मालकाला दंड, आणि भाडेकरूला दिलेलं भाडं परत मागता येतं. २००४ च्या कायद्यात बारा महिन्यांपर्यंतचं. पावती अखेर मालकाच्या नावाने फाटली. ग्लासगोच्या छपरावरून इथवर यायला १४२ वर्षं लागली.

म्हणजे सगळं छान झालं? तसं नाही. पहिली अडचण पैशाची. सहा जणांच्या घरात चारच ठेवता येत असतील तर बाकीचे दोघं कुठे जाणार, हे कायदा सांगत नाही. जॉर्ज ऑरवेल अशा लॉजिंग हाउसांतून स्वतः राहिला होता. नियम स्त्री-पुरुष वेगळे ठेवायला जागरूक आणि गाद्या-पांघरुणांच्या बाबतीत झोपलेले, हे त्याने १९३३ मध्येच लिहून ठेवलंय. दुसरी अडचण, नियमांची भाषा सुरक्षेची असली तरी वापर कधीकधी 'असले लोक आमच्या गल्लीत नकोत' यासाठी होतो. 'बॅचलर्स चालणार नाहीत' ही पाटी वाचलेल्या आपल्या पिढीला हे वेगळं समजवायला नको.

आणि तिसरी अडचण, कागद. २०२३ च्या मार्चमध्ये पूर्व लंडनच्या शॅडवेलमध्ये एका फ्लॅटला इलेक्ट्रिक सायकलच्या बॅटरीमुळे आग लागली. आत दीड डझनाहून जास्त माणसं राहत होती, बहुतेक बांगलादेशी, बरेचसे डिलिव्हरीचं काम करणारे. त्यांच्यातला एक, नुकताच देशातून आलेला, त्यात गेला. त्या फ्लॅटला लायसन्स होतं. तीन माणसांचं. पुढे कोर्टाने मालकांना जबर दंड केला, पण तो माणूस गेल्यावर. ग्लासगोची ती मध्यरात्रीची फेरी क्रूर होती, आणि शॅडवेलला नुसत्या कागदावर विसंबणं हेही क्रूरच ठरलं. दोन्हीकडे आतल्या माणसाला दुसरी परवडणारी जागा नव्हती, आणि म्हणून तक्रार करायची सोयही नव्हती.

आपल्याकडे हिंजवडी, खराडी, पवई, ऐरोली इथल्या पीजींमध्ये एकेका फ्लॅटमध्ये आठ-दहा जण राहतात. अ‍ॅग्रीमेंट असलंच तर त्यात आपण काय काय करायचं नाही याची यादी असते. मालकाने काय करायलाच हवं याची यादी मी अजून पाहिलेली नाही. लायसन्स कुणाच्या नावावर असावं हा वाद होईल तेव्हा होईल. तोवर आज रात्री एवढंच बघा: तुमच्या खोलीच्या खिडकीला ग्रिल आहे का, आणि असेल तर ती आतून उघडते का. उघडत नसेल तर उद्या मालकाला फोन करा, आणि फोनवर रूममेट्सनाही बरोबर घ्या.