वजन जास्त असलेल्या महिलांचं आरोग्य : काट्यापलीकडे काय पाहायचं?

हट्टा (जि. बालाघाट) : वजन जास्त असलेली बाई गुडघे दुखतात म्हणून दवाखान्यात गेली, की बरेचदा पहिला सल्ला मिळतो "आधी वजन कमी करा". मग ती रात्रीचं जेवण सोडते. दोन-चार किलो उतरतात आणि सणावारांत परत येतात. पुढच्या वेळी बोलणी नकोत म्हणून ती तपासणीलाच जात नाही. खरा धोका इथे आहे. 'वजन-निरपेक्ष' आरोग्यपद्धत यावरच बोट ठेवते.

पद्धत काय आहे?
यात किलोचं उद्दिष्ट नसतं. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, झोप आणि चालण्याची ताकद सुधारणं, हे उद्दिष्ट असतं. भूक लागल्यावर खायचं, पोट भरल्यावर थांबायचं. वजन उतरलं नाही तरी चांगली सवय सोडायची नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात वारंवार डाएट करणाऱ्या 78 लठ्ठ महिलांवर झालेला अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. डाएट गटातल्या 41 टक्के महिलांनी सहा महिन्यांतच कार्यक्रम सोडला. वजन-निरपेक्ष गटात हे प्रमाण 8 टक्के होतं. दोन वर्षांनी डाएट गटाचं उतरलेलं वजन परत आलं होतं. दुसऱ्या गटाचं वजन तेवढंच राहिलं, पण सुधारलेली तब्येत टिकली. अभ्यास लहान होता आणि दोन वर्षांनी निम्म्याच महिला तपासणीला आल्या, हेही लक्षात ठेवायला हवं.

दोन्ही राज्यांचं चित्र
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) वजन जास्त असलेल्या महिला मध्य प्रदेशात 16.6 टक्के, महाराष्ट्रात 23.4 टक्के आहेत. त्याच वेळी दोन्हीकडे निम्म्याहून जास्त महिलांना रक्तक्षय आहे. म्हणजे अंगाने भरलेल्या बाईच्या अंगात रक्त पुरेसं असेलच असं नाही. तिने जेवण तोडलं, तर अशक्तपणा वाढतो.

सवयी कुठे बदलायच्या?
आपला हा धानाचा पट्टा. रोवणीच्या दिवसांत सकाळी नुसता गोड चहा, दुपारी उशिरा भाताचा ढीग आणि पातळ वरण, असं बऱ्याच घरी चालतं. बाई शेवटी जेवते आणि "वाया कशाला घालवायचं" म्हणून उरलेलं संपवते. उपवासाला दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी साबुदाणा आणि तळलेलं. याला खादाडपणा म्हणणं चूक आहे. घराची घडीच तशी बसलेली असते.

- सकाळी कामाला निघण्याआधी काहीतरी खावं.
- भात बंद करू नये. ढीग कमी करून दाट वरण, भाजी, चालत असेल तर अंडं घ्यावं.
- चहातली साखर हळूहळू कमी करावी.
- बाईने घरच्यांसोबतच जेवायला बसावं. उरलेलं संपवणं एकटीचं काम नाही.
- आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चालावं.

तपासणी कुठे?
तीस वर्षांवरील प्रत्येकीची आशा ताई माहिती-फॉर्म भरते. त्यात कंबरेचं मापही असतं. महिलांमध्ये 80 सेंटिमीटरच्या वर गुण वाढतात. एकूण गुण चारच्या वर गेले, तर तपासणीत आधी नंबर लागतो. गुण कमी असले तरी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावीच. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते.

हे विसरू नका
वजनाचा काहीच संबंध नाही, असा याचा अर्थ नाही. पोटावरची चरबी मधुमेहाचा धोका वाढवते. अचानक वजन वाढलं तर थायरॉईड तपासावं. काही न करता उतरलं तर साखर आणि टीबीची तपासणी करावी. चालू गोळ्या मनाने बंद करू नयेत. मधुमेहाची औषधं घेणाऱ्या महिलांनी उपवासाआधी डॉक्टरांना विचारावं.

दवाखान्यातून निघताना वजनाशिवाय आणखी तीन आकडे विचारून लिहून घ्यावेत : रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन. पुढच्या खेपेला तुलना त्यांच्याशी करावी.