वैमानिक कोल्श याचें बलिदान

युद्धाचा इतिहास लिहितांना शत्रूचे किती मारले याची मोजदाद करण्याची चाल आहे. किती वांचविले याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाहीं. म्हणून ज्याच्या विमानावर एकही बंदूक नव्हती अशा एका वैमानिकाची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

जॉन केल्व्हिन कोल्श याचा जन्म 22 डिसेंबर 1923 रोजीं लंडन शहरीं झाला. 1942 सालीं तो अमेरिकन आरमारांत शिरला व पुढें वैमानिक झाला. जून 1950 मध्यें कोरियाचें युद्ध पेटलें तेव्हां हेलिकॉप्टर हें यंत्र नवेंच होतें. धांवपट्टीवांचून उठणारें आणि हवेंत एकाच जागीं थांबणारें हें वाहन, पाडलेल्या वैमानिकांना समुद्रांतून व डोंगरांतून उचलून आणण्याच्या कामीं लावण्यांत आलें. परंतु त्याचा गुणच त्याचा घात करणारा होता. माणूस दोरीनें वर ओढून घेईपर्यंत त्याला स्थिर राहावें लागे, आणि जें स्थिर आहे त्यावर नेम धरण्यास कौशल्य लागत नाहीं. कोल्शला स्वदेशीं परतण्याची पाळी आली असतां त्यानें ती नाकारली. या कामांत मुरलेले वैमानिक थोडे आहेत, असें त्याचें म्हणणें.

3 जुलै 1951 रोजीं सायंकाळीं, वॉन्सान बंदराच्या बाजूस, मरीन दलाचा कॅप्टन जेम्स विल्किन्स याचें विमान शत्रूच्या मुलुखांत पडल्याची वार्ता आली. दिवस मावळत होता, डोंगरमाथ्यांखालचें सर्व ढगांनीं झांकलेलें. कोल्श आपण होऊन निघाला. बरोबर जॉर्ज नील हा यंत्रज्ञ होता. रक्षणार्थ आलेलीं लढाऊ विमानें ढगांवरच राहिलीं, आणि हा एकटा खालीं उतरून दरी धुंडाळूं लागला. एक गोळीबार यंत्राला लागला, तरी तो परतला नाहीं. अखेर विल्किन्स दिसला. त्याचे हातपाय भाजले होते. त्याला वर ओढीत असतांनाच दुसरा मारा अचूक बसला आणि हेलिकॉप्टर डोंगराच्या कुशींत कोसळलें.

येथें कोणीही म्हणेल कीं तारणाचा उद्योग फसला. मला तसें वाटत नाहीं. कोल्शनें मोडलेल्या यंत्रांतून दोघांना बाहेर काढलें आणि त्यांना घेऊन तो वाट काढूं लागला. शत्रूचीं पथकें चुकवीत, भाजलेल्या सोबत्याची जमेल तशी शुश्रूषा करीत, त्यांनीं नऊ दिवस काढले. एकट्या धडधाकट माणसाला कदाचित् निसटतां आलें असतें. पण विल्किन्सला मागें टाकून जाण्याकरितां तो आलाच नव्हता. याच दिवसांत, 10 जुलैला, केसाँग येथें तहाचीं बोलणीं सुरू झालीं. ती वार्ता त्या डोंगरांत कशी पोंचणार? नवव्या दिवशीं तिघेही पकडले गेले.

कैदेंत कोल्शनें शत्रूस कोणत्याही प्रकारें साह्य करण्याचें साफ नाकारलें. स्वतःचें शरीर खंगत असतां तो सोबत्यांची काळजी वाहत राहिला. रणांगणावरचें शौर्य घटकाभराचें असतें, तेथें रक्त तापलेलें असतें. उपासमारींत, आमांशानें क्षीण होत असतां, कोणी पाहत नसतांना दिवसामागून दिवस तसेंच राहणें ही निराळी गोष्ट आहे. 16 ऑक्टोबर 1951 रोजीं त्यानें देह ठेवला. वय अवघें सत्तावीस वर्षांचें.

तहाचीं बोलणीं दोन वर्षें रेंगाळलीं, आणि त्यांतील मोठी अडचण युद्धबंद्यांचीच होती. स्वदेशीं परतण्यास नकार देणाऱ्या बंद्यांची राखण करण्याकरितां 1953 सालीं जें भारतीय पथक कोरियांत गेलें, त्याचे सेनानी आपल्या महाराष्ट्राचे मेजर जनरल शंकरराव थोरात होते, हें येथें नमूद करावेंसें वाटतें.

विल्किन्स आणि नील हे दोघे जिवंत परतले. कोल्शचीं कृत्यें जगाला कळण्यास असे साक्षी लाभले. 1955 सालीं त्याला मरणोत्तर ‘मेडल ऑफ ऑनर’ हें अमेरिकेचें सर्वोच्च सैनिकी पदक देण्यांत आलें. हेलिकॉप्टरच्या वैमानिकास तें प्रथमच मिळालें. त्याच वर्षीं अमेरिकन सैनिकांनीं कैदेंत कसें वागावें याची आचारसंहिता राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनीं जाहीर केली. ती घडविणाऱ्यांपुढें जीं उदाहरणें होतीं, त्यांत कोल्शचें एक होतें. त्याचा देह वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन येथील सैनिकी स्मशानभूमींत विसावला आहे.