रुग्णशय्येपाशी रक्तशर्करा : परिचारिकेच्या हाती आलेल्या एका परीक्षेचा इतिहास

वैद्यकाचा इतिहास लिहिताना शोध कोणी लावला याची नोंद काटेकोरपणे ठेवली जाते; तो शोध प्रत्यक्षात कोणाच्या हातून राबविला गेला, हा प्रश्न मात्र बहुधा मागे पडतो. रक्तशर्करेची परीक्षा हे याचे बोलके उदाहरण होय. आज ती रुग्णालयात बहुतांशी परिचारिकेच्या हातून होते. ही परीक्षा प्रयोगशाळेतून रुग्णशय्येपाशी कशी आली आणि तिच्याबरोबर कोणती जबाबदारी परिचारिकेवर येऊन पडली, याचा संक्षेपाने विचार करण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे. विवेचनासाठी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जत तालुक्याची भूमी डोळ्यांपुढे ठेवली आहे. कारण जिल्ह्याच्या ठिकाणापासून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर दूर असलेल्या अशा स्थळीच या परीक्षेचे खरे मोल कळते.

१. मूत्रपरीक्षेचा काळ

मधुमेह्याच्या मूत्राकडे मुंग्या व भुंगे धाव घेतात, हे निरीक्षण चरकसंहितेत नमूद आहे. युरोपात टॉमस विलिस याने १६७४ मध्ये मूत्राच्या माधुर्याची नोंद केली, तर मॅथ्यू डॉब्सन याने १७७६ मध्ये ते माधुर्य शर्करेचेच असल्याचे दाखवून रक्तरसही गोड असतो असे सांगितले. रसायनशास्त्राने पुढे या ज्ञानाला मापाची जोड दिली. स्टॅन्ली बेनेडिक्ट याने विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केलेला ताम्रयुक्त निळा द्राव रुग्णालयांत सर्वत्र रूढ झाला.

१९२१ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागला व जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम रुग्णाला देण्यात आले. तेव्हापासून शर्करेचे माप ही केवळ निदानाची बाब उरली नाही. औषधाची मात्रा त्यावर ठरू लागली. परीक्षानलिकेत ५ मिलिलिटर बेनेडिक्ट द्राव, त्यात मूत्राचे आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा, आणि मग निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी व विटकरी असा चढत जाणारा रंग : परिचारिकांच्या कित्येक पिढ्या या कृतीवर घडल्या. दिवसातून तीनचार वेळा रंग पाहावयाचा, तो तक्त्यात लिहावयाचा व त्यानुसार इन्सुलिन द्यावयाचे, असा शिरस्ता होता.

या पद्धतीत एक मूलभूत वैगुण्य होते. रक्तातील शर्करा साधारणतः १८० मिलिग्रॅम प्रतिशत ही मर्यादा ओलांडते तेव्हाच ती मूत्रात उतरते. शिवाय मूत्राशयात साठलेले मूत्र काही तासांपूर्वीची स्थिती सांगते. रक्तशर्करा धोकादायक रीतीने खाली गेली असता नलिकेतील द्राव निळाच राहतो, आणि प्रकृती निरोगी असतानाही तो निळाच राहतो. घामाने भिजलेला, बरळणारा रुग्ण इन्सुलिनच्या अतिमात्रेने खालावला की अन्य कारणाने, याचे उत्तर त्या रंगात नव्हते. परिचारिकेला स्वतःच्या अनुभवी नजरेवरच विसंबावे लागे.

२. पट्टी आणि यंत्र

१९५६ च्या सुमारास अमेरिकेतील एम्स कंपनीत हेलन फ्री व आल्फ्रेड फ्री या दांपत्याने मूत्रात बुडवावयाची विकरयुक्त पट्टी प्रचारात आणली. त्याच कंपनीची डेक्स्ट्रोस्टिक्स ही रक्तासाठीची पट्टी १९६५ च्या सुमारास आली. पट्टीवर रक्ताचा टपोरा थेंब ठेवावयाचा, घड्याळात बरोबर साठ सेकंद मोजावयाचे, पाण्याने रक्त धुऊन काढावयाचे आणि उरलेला निळसर रंग डबीवरील रंगमालेशी ताडून पाहावयाचा, अशी तिची कृती होती. दहा सेकंदांची चूक किंवा पाण्याची जोरदार धार निष्कर्ष बदलण्यास पुरेशी होती. कृती साधी दिसली तरी हात शिकलेला असावा लागे.

रंग पाहणाऱ्या डोळ्यांतील फरक टाळण्यासाठी अँटन क्लेमेन्स याने परावर्तित प्रकाश मोजणारे यंत्र रचले. १९७० च्या सुमारास विक्रीस आलेल्या या यंत्राचे वजन किलोभराहून अधिक होते व त्याची किंमत सुमारे ४९५ डॉलर होती. साहजिकच ते प्रारंभी मोठ्या संस्थांपुरतेच राहिले. १९८७ मध्ये दोन बदल घडले. रक्त पुसण्याची गरज नसलेले यंत्र आले, आणि विद्युत्-रासायनिक तत्त्वावर चालणारे लेखणीएवढे यंत्रही आले. या दुसऱ्या तत्त्वाचे मूळ लीलंड क्लार्क याने १९६२ मध्ये मांडलेल्या विकर-विद्युदग्राच्या कल्पनेत आहे. यापुढे परीक्षा स्वस्त, शीघ्र व सर्वत्र नेता येण्याजोगी झाली.

३. आकड्याचा अतिरेक

माप सुलभ झाले की त्याचा मोहही वाढतो. १९९३ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने शर्करेचे काटेकोर नियंत्रण नेत्र, मूत्रपिंड व मज्जातंतू यांच्या विकारांस आळा घालते हे सिद्ध केले. २००१ मध्ये बेल्जियममधील लूव्हेन येथील अभ्यासाने अतिदक्षता विभागातही तेच धोरण हितावह असल्याचे सुचविले. परिचारिका तासातासाला बोट टोचून इन्सुलिनची मात्रा बदलू लागल्या. परंतु २००९ मध्ये सहा हजारांहून अधिक रुग्णांवरील नाइस-शुगर या अभ्यासात उलट चित्र दिसले : काटेकोर नियंत्रणाच्या गटात ९० दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण २७.५ टक्के, तर शिथिल गटात २४.९ टक्के आढळले. अतिदक्षता विभागातील बहुतेक रुग्णांसाठी १४० ते १८० मिलिग्रॅमची मध्यम मर्यादा त्यानंतर रूढ झाली.

४. कर्जतच्या भूमीवरून

कर्जत तालुका पर्जन्यछायेचा. दक्षिणेस भीमाकाठी सिद्धटेकच्या परिसरात ऊस, तर इतरत्र ज्वारी व दुष्काळाची चिंता. शेजारच्या जामखेड येथे रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. प्रशिक्षित परिचारिका गावोगावी वस्तीस राहण्यास राजी होईनात, तेव्हा त्यांनी गावातील स्त्रियांनाच शिकविले. त्यांपैकी अनेकींना अक्षरओळखही नव्हती. कौशल्य हे पदवीपेक्षा शिकवणुकीवर अवलंबून असते, हा या प्रयोगाचा धडा प्रस्तुत विषयासही लागू पडतो.

केंद्र शासनाने २०१० मध्ये असंसर्गजन्य रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. गर्भवतींच्या मधुमेहासंबंधीच्या २०१८ च्या सूचनांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी यंत्राने रक्तशर्करा पाहावी व ती १४० मिलिग्रॅम किंवा अधिक असल्यास मधुमेह समजावा, असे सांगितले आहे. यासाठी उपाशीपोटी येण्याची अट नाही. दूरच्या वस्तीवरून पायी येणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने ही सवलत लहान नव्हे. एके काळी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत होणारा निर्णय अशा रीतीने उपकेंद्रातील परिचारिकेच्या टेबलावर आला.

मात्र या भूमीत यंत्राचा आकडा डोळे मिटून घेता येत नाही. रक्तक्षय असल्यास थेंबात तांबड्या पेशी कमी व रक्तरस अधिक असतो. त्यामुळे पुष्कळ यंत्रे खऱ्याहून अधिक शर्करा दाखवितात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणजे शर्करा खाली गेलेली असताना यंत्र ती ठीक असल्याचे सांगण्याचा धोका येथे काल्पनिक नाही. उन्हाळ्यात उघडी राहिलेली पट्ट्यांची डबी किंवा गुळाने चिकट झालेले बोट आकडा बिघडविण्यास पुरेसे होते. बोट पाण्याने धुऊन कोरडे करणे, पहिला थेंब पुसून टाकणे, प्रत्येक रुग्णास नवी सुई वापरणे, हे सर्व परीक्षेचेच भाग होत.

२०२१ च्या साथीत याची कसोटी लागली. कोविडवर स्टेरॉइडे दिल्याने रक्तशर्करा वाढे. अनियंत्रित मधुमेह असलेल्यांत म्यूकरमायकोसिस हा घातक बुरशीजन्य विकार वाढला व महाराष्ट्र त्यात सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांपैकी होता. मे २०२१ मध्ये केंद्राने हा विकार १८९७ च्या साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास राज्यांना सांगितले. मुंबई इलाख्यातील प्लेगमुळे जन्मास आलेल्या त्या कायद्याच्या पहिल्या काळात रुग्णशय्येपाशी रक्तशर्करा मोजण्याचे साधनच नव्हते. आता ते प्रत्येक कक्षात होते, आणि वेळीच टोचलेले बोट एखाद्याचा डोळा वाचवू शकत होते.

५. उपसंहार

वरील आलोचनेवरून असे दिसते की, या परीक्षेचा इतिहास केवळ उपकरणांच्या सुधारणेचा नाही. प्रत्येक नव्या साधनाने कृतीतील श्रम कमी केले, पण आकड्याचा अर्थ लावण्याचे काम कमी केले नाही. उलट ते प्रयोगशाळेतून परिचारिकेकडे आले. यंत्र २१० दाखवीत असताना रुग्णाचे अंग घामेजलेले का, असे जी विचारते व शिरेतील रक्त प्रयोगशाळेस पाठविते, ती नुसती मोजणी करीत नसून निदानात सहभागी होते. म्हणून यंत्रे व पट्ट्या यांचा पुरवठा जितका अगत्याचा, तितकेच परिचारिकेचे शिक्षण आणि शंका उपस्थित करण्याचा तिचा अधिकारही अगत्याचा होय.