कळसूबाईहून उंच द्राक्षबाग

आजचा विषय ऐकून काहीजणींच्या कपाळाला आठी पडेल. आज आपण बोलणार आहोत वाइनच्या द्राक्षांबद्दल. आडव्या बाटलीला मत देऊन दारूची दुकानं बंद करणाऱ्या बायका आपण, आणि रेडिओवर ही काय नवी टूम, असं वाटेल. पण जरा थांबा. बाटलीचं कौतुक आम्हाला करायचं नाही. आम्हाला बोलायचंय ते बागेबद्दल, पाण्याबद्दल आणि जमीन कुणाच्या नावावर असते त्याबद्दल.

झालं असं की गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "आम्ही वर्षानुवर्षं बागेत घडांची विरळणी करतो, डिपिंग करतो, तोडणी करतो. पण द्राक्षाच्या इतिहासात बाईचं नाव कुठं असतं का?" तेव्हा आम्हाला उत्तर देता आलं नाही. मग शोधायला लागलो. एक नाव सापडलं, तेही फार लांब, दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिना देशात.

अर्जेंटिनाच्या वायव्येला अँडीज पर्वताच्या कुशीत काल्चाकी नावाच्या खोऱ्यांची लांबलचक रांग आहे. तिथलं द्राक्षाचं मुख्य गाव काफायाते. ते समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटरवर वसलंय. आपलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे आपलं शिखर संपतं त्याच्याही वर त्यांचं गाव आणि गावाभोवतीच्या बागा. त्याच खोऱ्यात पुढे २,३०० मीटरवर कोलोमे नावाची बाग आहे, आणि पायोगास्ताजवळची एक बाग तर ३,१११ मीटरवर आहे. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तर त्याला थोडंच कमी!

एवढ्या उंचावर द्राक्ष येतं तरी कसं? तिथं पाऊस अगदी कमी, वर्षाला साधारण २०० मिलिमीटर. त्यामुळे डाऊनी-भुरीचा त्रास कमी, पण बाग जगते ती डोंगरावरून उतरणाऱ्या पाण्यावर. ते पाणी पाटानं आणायचं आणि पाळीनं वाटून घ्यायचं, आपल्याकडे धुळे-नाशिकच्या फड पद्धतीत करतात तसं. हवा विरळ असल्यानं ऊन फार कडक. त्या उन्हापासून बचावायला द्राक्षाची साल जाड होते आणि रंग गडद येतो. दिवसा तापलेलं रान रात्री एकदम गार पडतं. त्या गारव्यानं द्राक्षात गोडीबरोबर आंबटपणाही टिकतो. वाइनला नेमकं हेच लागतं. तिथल्या जुन्या बागा मांडवावरच चढवलेल्या आहेत, कारण पानांच्या सावलीत घड करपत नाहीत. आपल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

एक फरक मात्र मोठा आहे. तिथं हिवाळा कडक, त्यामुळे वेल झोपी जाते आणि तिची वर्षातून एकदाच छाटणी होते. आपल्याकडे वेलीला झोप नाही. म्हणून एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळछाटणी, आणि दोन्ही वेळा कामाला बायका.

आता इतिहासाकडे येऊ. या खोऱ्यात मूळची माणसं दियागिता. ती डोंगरउतारावर पायऱ्या बांधून, पाट काढून मका पिकवायची. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक आले. त्यांच्या पाद्र्यांना प्रार्थनेच्या विधीसाठी वाइन हवी होती, म्हणून द्राक्षाच्या काड्याही आल्या. दियागितांनी सहजासहजी मान तुकवली नाही. शंभरेक वर्षं ते लढत राहिले. शेवटी किल्मेस नावाच्या जमातीला तिच्या किल्ल्यावरून उतरवून, बायकापोरांसकट, हजार किलोमीटरहून जास्त चालवत ब्वेनोस आइरेसजवळ नेऊन ठेवलं. वाटेत कितीतरी गेले. त्या जागी आजही किल्मेस नावाचं शहर आहे, आणि त्यांचा मूळ गाव डोंगरावर दगडी भिंतींचा ओसाड उभा आहे. मागं राहिलेल्यांच्या हातांनी जमीनदारांच्या बागा पिकल्या. त्या हातांत बायकांचेही हात होते, पण त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

ज्या बाईचं नाव उरलं, ती जमीनदाराची लेक. हे आधीच सांगून टाकतो, कारण खरं ते खरं. तिचं नाव आसेन्सिओन इसास्मेंदी. तिचे वडील साल्ता प्रांताचे शेवटचे स्पॅनिश गव्हर्नर. कोलोमेची बाग १८३१ मध्ये त्यांच्या काळात सुरू झाली, असं सांगतात. लेकीचं लग्न दावालोस घराण्यात झालं. १८५४ मध्ये तिनं फ्रान्समधल्या माल्बेक आणि काबर्ने या जातींच्या वेली मागवून कोलोमेला लावल्या. तेव्हा अर्जेंटिनात रेल्वे नव्हती, ती आली १८५७ मध्ये. आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालेलं. म्हणजे जहाजातून उतरलेल्या त्या काड्या पुढं जनावरांच्या जिवावरच डोंगर चढल्या असणार. ओल टिकवत, महिनोन् महिने.

पुढं काय झालं बघा. दहा-पंधरा वर्षांतच फ्रान्सच्या बागांत फायलोक्झेरा नावाची कीड शिरली. ती मुळं खाते. पाहता पाहता युरोपातल्या बागा उभ्या वाळल्या. शेवटी उपाय सापडला तो अमेरिकेतल्या रानद्राक्षाच्या मुळावर आपली जात कलम करण्याचा. आज आपण डॉगरीजच्या खुंटावर कलम करतो, ते कमी पाण्यासाठी आणि खारट जमिनीसाठी, पण खुंटाची ही युक्ती जगभर पसरली ती त्या संकटातून. आसेन्सिओनच्या वेली मात्र कीड येण्याआधीच निघालेल्या. त्या स्वतःच्याच मुळांवर वाढल्या, आणि त्यातल्या काही पावणेदोनशे वर्षांकडे झुकल्या तरी अजून फळतात.

हे तिला कसं जमलं? एक कारण कायद्यात आहे. स्पॅनिश कायद्यात बापाच्या मिळकतीत लेकीला लेकाइतका वाटा होता. पण वाटा असणं वेगळं आणि हुकूम चालणं वेगळं. १८७१ पासून लागू झालेल्या अर्जेंटिनाच्या नव्या कायद्यानं लग्न झालेल्या बाईला व्यवहारात नवऱ्यावर अवलंबून ठेवलं. ती गाठ १९२६ मध्ये सैल झाली आणि पुरती सुटली १९६८ मध्ये.

त्याच खोऱ्यातली आणखी एक बाई सांगतो. सुसाना बाल्बो. १९८१ मध्ये वाइन बनवण्याच्या शास्त्राची पदवी घेणारी ती अर्जेंटिनातली पहिली बाई. तिला पहिलं मोठं काम मिळालं ते काफायातेमध्ये. तिथं तोरोंतेस नावाचं पांढरं, सुवासिक द्राक्ष होतं. पाद्र्यांनी आणलेली जुनी जात आणि मस्कत यांचा तो आपोआप झालेला संकर, त्याच मातीत जन्मलेला. सुसानाबाईंनी त्याच्यावर मेहनत घेतली आणि त्याला नाव मिळवून दिलं. १९९९ मध्ये त्यांनी स्वतःचा कारखाना काढला.

मैत्रिणींनो, या दोघींच्या गोष्टीतून आम्ही काय घेतलं? दीडशे वर्षं टिकेल अशी वेल लावायचा निर्णय तीच घेते, जिला उद्या ही जमीन आपली असेल अशी खात्री असते. मजुरीनं आलेली बाई घड नीट विरळते, पण खुंट कोणता लावायचा ते तिला कुणी विचारत नाही.

आपल्याकडे १९९४ मध्ये महाराष्ट्रानं लेकीला वडिलोपार्जित जमिनीत हक्क दिला, आणि २००५ मध्ये तो देशभर झाला. त्याच १९९४ मध्ये अर्जेंटिनाच्या राज्यघटनेनं मूळच्या जमातींचा त्यांच्या जमिनीवरचा हक्क मान्य केला. दोन्हीकडे कागद झाला, आणि दोन्हीकडे कागदापासून बांधापर्यंतची वाट लांब आहे. आपल्याकडची वाट आम्ही रोज बघतो. 'भावाशी वाईट कशाला' म्हणून हक्कसोडपत्रावर अंगठा उठतो, आणि माहेर टिकवायची किंमत लेकच देते.

बायकोसाठी आणखी एक वाट आहे. नव्वदच्या सुमारास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती मोहीम चालवली आणि गावोगावी नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. पुढं शासनानंही त्याच नावाची सोय केली. नवऱ्याची संमती असेल तर बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबारावर लागतं. अर्ज तलाठ्याकडे करायचा.

म्हणून पुढच्या बैठकीला बचतीच्या पासबुकाबरोबर घरचा सातबाराही घेऊन या. वाचता येत नसेल तर आपण मिळून वाचू. कुणाकुणाचं नाव आहे ते बघू, आणि नसेल तर घरी बोलायचं कसं, तेही ठरवू. विचारणाऱ्या त्या ताईंना आम्ही सांगितलंय, त्या दिवशी पहिला कागद त्यांचा उघडायचा.

भेटू या. नमस्कार.