ड्रायरच्या डक्टची कुळकथा

लाँड्रीतील ड्रायरमागून निघून भिंतीबाहेर किंवा छतावर जाणारा पत्र्याचा नळ म्हणजे एक्झॉस्ट डक्ट. ओल्या कपड्यांतली वाफ, तंतूंचा भुसा म्हणजे लिंट आणि गॅसच्या ड्रायरमध्ये ज्वलनाचे वायू, हे सारे या एकाच वाटेने बाहेर पडते.

कपडे वाळवण्याच्या जुन्या साधनांना अशी वाट नव्हती. अठराशेच्या सुमारास फ्रान्समध्ये पोशाँ याने भोके पाडलेले पिंप विस्तवावर हाताने फिरवण्याची युक्ती काढली. कपडे वाळत, पण त्यांना धुराचा वास लागे. अमेरिकेत जॉर्ज सॅम्पसन याला 1892 साली पेटंट मिळाले, ते चुलीच्या उष्णतेवर कपडे वाळवणाऱ्या चौकटीचे. तिथेही दमट हवा घरातच राही. नॉर्थ डकोटातील जे. रॉस मूर यांच्या कल्पनेवरून विस्कॉन्सिनमधील हॅमिल्टन कंपनीने 1938 च्या सुमारास फिरत्या ड्रमचा ड्रायर बाजारात आणला. अशा ड्रायरमध्ये पंखा तापलेली हवा ड्रममधून खेचतो. ती सतत बदलती राहिली तरच कपडे वाळतात. दमट हवा बाहेर काढणे त्यामुळे उष्णतेइतकेच महत्त्वाचे ठरले.

टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे 1934 साली भाड्याने यंत्रे वापरू देणारी लाँड्री निघाली. पुढे नाणे टाकून चालणाऱ्या लाँड्र्यांत ड्रायरच्या रांगा लागल्या आणि डक्टचे काम अवघड झाले. प्रत्येक ड्रायरला स्वतंत्र नळ हा सर्वांत निर्धोक मार्ग. तेवढी जागा नसेल तर अनेक ड्रायर एका मुख्य नळाला जोडतात. हा नळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच मापाचा ठेवून चालत नाही. 8 इंची दोन नळ मिळाले की तेवढ्याच क्षेत्रफळासाठी सुमारे 11.3 इंच व्यास लागतो, म्हणून पुढचा तुकडा 12 इंची घेतात. चार मिळाले की 16 इंची. फाटाही काटकोनात नव्हे, तर हवेच्या दिशेने 45 अंशांत जोडतात. तसे न केल्यास एका ड्रायरची हवा दुसऱ्याच्या तोंडावर दाब देते, वाळवणीला वेळ लागतो आणि गॅस जास्त जळतो.

बाकीचे बहुतेक नियम लिंटने घडवले. नळ जस्ती पत्र्याचा, आतून गुळगुळीत असावा. जोडावर एका तुकड्याचे तोंड दुसऱ्यात घालताना ते हवेच्या वाहत्या दिशेला असावे; उलटे बसले तर पत्र्याची कड प्रवाहाला आडवी येते आणि तिथे तंतू साचतात. स्क्रूचे टोक आत आले तर त्यालाही लिंटचा गुंता धरतो. याच कारणाने बाहेरच्या तोंडावर जाळी बसवत नाहीत. बेंड जितके कमी तितके बरे, आणि जिथे ते टळत नाहीत तिथे सफाईसाठी उघडता येणारे झाकण ठेवतात.

बाहेर जाणाऱ्या हवेइतकी हवा आतही यावी लागते. अमेरिकेची इंधन-वायू संहिता, एनएफपीए 54, घरगुती आणि व्यावसायिक ड्रायरचे दोन वर्ग करते. व्यावसायिक ड्रायरसाठी दर ताशी 1,000 बीटीयूमागे 1 चौरस इंच मोकळी वाट ती सांगते. एक लाख बीटीयूचे दहा ड्रायर असतील, तर हे क्षेत्रफळ 1,000 चौरस इंच, म्हणजे जवळजवळ 7 चौरस फूट होते. खिडक्या-दारे बंद असलेल्या दुकानात ही सोय विसरली, की पंखे चालू असूनही डक्टमधून पुरेशी हवा जात नाही.

हे नियम मोडल्याची किंमत आगीने मोजावी लागते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने 2008 ते 2010 या काळासाठी घरगुती ड्रायरच्या वर्षाला सुमारे 2,900 आगींचा अंदाज दिला. त्यांचे सर्वांत मोठे कारण सफाई न करणे हे होते. व्यावसायिक ड्रायर दिवसभर चालतो, त्यामुळे त्यात लिंटही त्या प्रमाणात जास्त. म्हणून डक्ट बसवतानाच तो साफ कसा होणार, हे ठरवलेले असले पाहिजे.