हिवाळी शिबीर आणि ओस गाव

सुट्टीच्या दिवसांत विद्यार्थ्यांनी खेड्यात मुक्काम करून अंगमेहनतीचे काम करावे, ही कल्पना सरकारी योजनेहून जुनी आहे. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या वस्त्या उभारण्यासाठी स्विस शांततावादी पिएर सेरेसोल यांनी १९२० मध्ये फ्रान्समधील व्हर्दनजवळ स्वयंसेवकांचे शिबीर भरवले, आणि १९३४ च्या भूकंपानंतर तेच सेरेसोल बिहारमध्ये घरे बांधण्यासाठी आले. महाराष्ट्रात बाबा आमटे यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस सोमनाथ येथे उन्हाळी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. बीड जिल्ह्यात शिक्षण आणि समाजकार्य यांची सांगड त्याहूनही आधी पडली होती. मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथील योगेश्वरी शाळेत १९३० च्या दशकात स्वामी रामानंद तीर्थ आणि बाबासाहेब परांजपे यांनी अध्यापन केले, आणि पुढे दोघेही हैदराबाद मुक्तिसंग्रामात अग्रभागी राहिले.

राधाकृष्णन आयोगाने स्वातंत्र्यानंतर लगेच सुचवलेली विद्यार्थीसेवेची कल्पना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांसह ‘राष्ट्रीय सेवा योजना’ या नावाने प्रत्यक्षात आली. योजनेत दाखल झालेल्या विद्यार्थ्याला ‘स्वयंसेवक’ आणि त्याची जबाबदारी सांभाळणाऱ्या प्राध्यापकाला ‘कार्यक्रम अधिकारी’ म्हणतात. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास सेवा द्यावी आणि दोन वर्षांत एकदा ‘दत्तक गावा’तील, म्हणजे महाविद्यालयाने सातत्याने कामासाठी निवडलेल्या गावातील, निवासी शिबिरात राहावे, असा नियम ठरला.

योजनेला तीन वर्षे होतात न होतात तोच महाराष्ट्रावर १९७२ चा दुष्काळ कोसळला, आणि १९७३ मध्ये देशभरच्या शिबिरांना ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ हा विषय देण्यात आला. बालाघाटाच्या डोंगररांगांवरील उथळ, मुरमाड जमिनीत पावसाचे पाणी ठरत नाही, त्यामुळे पाझर तलाव आणि नालाबांध ही बीड जिल्ह्याची खरी गरज होती. मात्र त्या वर्षी गावेच्या गावे दुष्काळी कामांवर उतरली होती, तेव्हा विद्यार्थ्यांच्या हातांना जोड देणारे हात भरपूर होते.

पुढच्या दशकांत हे चित्र पालटले. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाकडून ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली येथील कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात; नवरा-बायकोची जोडी ‘कोयता’ या नावाने मोजली जाते, आणि गळीत हंगाम संपेपर्यंत ती परतत नाही. सात दिवसांचे विशेष शिबीर मात्र पहिल्या सत्राची परीक्षा आटोपल्यावर, बहुधा डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे नेमके गाव रिकामे असताना भरते. घमेली, फावडी आणि टिकाव घेऊन सुमारे पन्नास मुले-मुली शाळेच्या खोल्यांत किंवा मंदिराच्या सभामंडपात उतरतात, सकाळी श्रमदान करतात, दुपारी व्याख्यान ऐकतात आणि तिसऱ्या प्रहरी सर्वेक्षणाचा तक्ता घेऊन दारोदार फिरतात, तेव्हा ओळीने कुलपे दिसतात आणि उघड्या दारात एखादी आजी नातवंडाला मांडीवर घेऊन बसलेली असते. तक्त्यात कर्त्या माणसांच्या रकान्यात ‘ऊसतोडीला’ एवढाच शब्द भरला जातो. भरणाऱ्यांपैकी कित्येकांचे आई-वडीलही त्या वेळी कुठल्या तरी उसाच्या फडात असतात. हे ध्यानात घेतले, तर बीडमध्ये या शिबिराला ‘शहरातील तरुणांची खेड्याशी ओळख’ म्हणणे अपुरे पडते. मागे राहिलेल्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहात संध्याकाळी शिकवणी घेणे हे येथे रस्ता झाडण्याहून मोलाचे काम आहे, आणि शिबिरांच्या आखणीत त्याला अग्रस्थान मिळायला हवे.

परीक्षेचे वेळापत्रक आणि गावाचे वेळापत्रक यांचा मेळ वेगळ्या वाटेने कसा बसू शकतो, हे २०१६ मध्ये दिसले. पाणी फाउंडेशनने पहिल्या ‘वॉटर कप’ या जलसंधारण स्पर्धेसाठी निवडलेल्या तीन तालुक्यांत अंबाजोगाई होता, आणि स्पर्धेचा काळ एप्रिलच्या उत्तरार्धापासून जूनच्या आरंभापर्यंतचा होता. त्या वेळेपर्यंत कोयते घरी परतलेले असतात आणि महाविद्यालयांनाही उन्हाळी सुट्टी लागत असते. त्यामुळे उताराला आडवे, एकाच पातळीत खणायचे ‘सलग समतल चर’ घेण्यासाठी पहाटे माळावर जमणाऱ्या गावात ऊसतोडीहून आलेला बाप आणि शिकायला गेलेला मुलगा यांना एकाच चरात उभे राहता आले.